रंगाखालची भेग

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. मधल्या काही महिन्यांत तुम्ही मला पाहिलं असतंत, तर 'जुनं कसलं, हे तर नवंकोरं' म्हणाला असतात. पेणजवळच्या जोहे गावात सगळ्यांनी तेच म्हटलं. मी एकटा आतल्या आत ओरडत होतो, की बाबांनो, मी फुटलोय. पण हेल्मेटाला तोंड असतं ते दुसऱ्याचं, स्वतःचं नसतं. म्हणून तेव्हा जे बोलता आलं नाही ते आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. वरून कडक कवच, त्याच्या आत थर्माकोलसारखा जाड पांढरा थर, त्याच्या आत मऊ अस्तर आणि हनुवटीखाली पट्टा. लोकांना वाटतं, सगळी करामत वरच्या कवचाची. तसं नाही. मार बसला की तो आतला पांढरा थर स्वतः चेपतो आणि डोक्याला बसायचा हिसका आपल्यात मुरवून घेतो. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, मी समोर पाहिलं. आमच्या खेपेतल्या एका भावाला तपासणीसाठी उचललं आणि उंचावरून लोखंडावर आपटलं. तपासणारा माणूस खूश झाला, 'पास' म्हणाला, आणि माझ्या त्या भावाला त्यानं कचऱ्याच्या ढिगावर टाकून दिलं. त्याच्या पास होण्यामुळे आम्हा बाकीच्यांवर आयएसआयचा शिक्का बसला. आमच्यात पास होणं म्हणजे एकदा कामी येणं आणि संपणं. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्यात काही चुकीचं आहे असं वाटलं नाही.

तिथून खोक्यात बसून मी पेणला आलो. बाजारातल्या एका दुकानाच्या छताला मला टांगलं होतं. येणारे जाणारे टपली मारून जात. एक दिवस पूजा आली. मागोमाग तिचा नवरा हितेश, तोंड पाडून.

पूजानं मला काढायला लावलं आणि हितेशच्या डोक्यावर चढवलं.

"डोकं गच्च होतं यात," हितेश म्हणाला. "कानाला काय ऐकू पण येत नाय."

"आता तरी कुठं माझं ऐकता?" पूजा म्हणाली. दुकानदार हसला आणि मी विकला गेलो.

खरं म्हणजे हितेश मला घेणार नव्हताच. तो रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला होता, आणि तिथं गेटवर नवा नियम लागला होता, डोक्यावर हेल्मेट नसेल तर मोटरसायकल आत नाही. म्हणजे त्यानं मला घेतलं ते डोक्यासाठी नव्हे, गेटासाठी. जोह्याहून निघाला की तो मला डाव्या कोपरात अडकवायचा. पेण गेलं, वडखळ गेलं, नागोठणं गेलं, भिसे खिंडीची वळणं गेली, तरी मी आपला कोपरातच. रोज इतका मोठा प्रवास करून मी कशाचं रक्षण करत होतो, तर हितेशच्या कोपराचं. अष्टमी आली, कुंडलिकेवरचा पूल दिसायला लागला, की तो गाडी बाजूला घेई, मला डोक्यावर चढवी आणि शहाण्या माणसासारखा पूल ओलांडून रोह्यात शिरे. पट्टा तर त्यानं कधी लावलाच नाही. गेटवरचा वॉचमन 'गुड मॉर्निंग' म्हणे. त्याला काय माहीत!

मला याचा राग येई. चिडून करणार काय? मला पाय नाहीत. कुणी उचललं तर मी जातो, कुणी टांगलं तर लोंबकळतो. हेल्मेटाचा सगळा जन्म दुसऱ्याच्या मर्जीवर असतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. पुढं जे सोसावं लागलं त्यापुढे हे काहीच नव्हतं.

मग थंडी आली. त्या वर्षी आमच्या भागात चांगलीच पडली. पहिल्या शिफ्टला निघायचं म्हणजे हमरस्त्यावर धुकं आणि समोरून ट्रेलरचे दिवे. हितेशचे कान गारठले, म्हणून त्यानं मला घरूनच डोक्यावर घातलं. मानेवरून वारा आत शिरत होता, म्हणून पट्टाही आवळला. मित्रांनो, ज्या दिवशी मी त्याच्या कामी आलो त्या दिवशी मी त्याची कानटोपी होतो. एवढ्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे आठवलं की मला अजून धडकी भरते.

भिसे खिंडीत एका वळणावर कुठल्यातरी डंपरमधून खडी सांडली होती. धुक्यात ती दिसली नाही. पुढचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली, हितेश फेकला गेला आणि रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर डोक्याच्या डाव्या अंगाला आपटला. म्हणजे मी आपटलो. एक कडक आवाज झाला, तो माझा होता. कानाच्या वरपासून मागच्या बाजूपर्यंत माझं कवच चिरत गेलं आणि आतला थर चेपून सपाट झाला. हितेशचं डोकं माझ्या आत तसंच राहिलं. पाय मात्र गाडीखाली सापडून मोडला. तो कण्हत होता, आणि मला त्या कण्हण्याचा आनंद होत होता, कारण कण्हणारा माणूस जिवंत असतो.

एका टेम्पोवाल्यानं त्याला रोह्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टा सोडवून मला काढलं, भेगेवरून बोट फिरवलं आणि धावत आलेल्या घरच्यांना म्हणाले, "हे नसतं तर मला पायाकडं बघायची वेळच आली नसती. याला नमस्कार करा."

डॉक्टर बोलण्याच्या ओघात बोलून गेले. पण हितेशच्या आईनं, ठमाबाईनं, ते अक्षरशः घेतलं. तिनं तिथंच पदर सारखा करून मला हात जोडले. मला लाज वाटली, बरंही वाटलं. मनात आलं, आपण पास झालो. आता त्या भावासारखं आपल्यालाही टाकून देतील. मी तयार होतो. कुणी टाकलं नाही, आणि तिथून माझे खरे हाल सुरू झाले.

जोहे हे गणपतींचं गाव. घरागणिक कारखाना म्हटलं तरी चालेल. वर्षभर तिथं मूर्ती घडतात, सुकतात, रंगतात. हितेशचा बाप नाथा हा तिथला नावाजलेला कारागीर. वाहतुकीत मूर्तीचं बोट गेलं, सोंडेचं टोक उडालं, कान तडकला, की लोक नाथाकडे येत. सांधा कुठं होता ते तो जोडल्यावर खुद्द गिऱ्हाइकाला सापडत नसे. भेग दिसली की नाथाच्या हाताला चैन पडत नाही, असं ठमाबाई कौतुकानं सांगायची.

घरी आल्यावर ठमाबाईनं मला हळदकुंकू लावलं आणि देवघरात, देवांच्या शेजारच्या फळीवर ठेवायला गेली. तिथं ती अडली.

"अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली, "यानं आपल्या पोराला राखला, याची जागा देवापाशीच. पन हे फुटलेलं हाय. फुटलेली वस्तू देवापाशी कशी ठेवू?"

"फुटलेलं कशाला ठेवतेस?" नाथा म्हणाला. "आन इकडं."

मित्रांनो, कुठल्याही दुसऱ्या गावात मी अडगळीत गेलो असतो किंवा भंगारात. जोह्यातच हे घडू शकत होतं. नाथानं मला मांडीवर घेतलं, लेकरासारखं फिरवून पाहिलं आणि भेगेत लांबी भरली. लांबी म्हणजे फटी बुजवायचा लगदा, सुकला की दगडासारखा दिसतो. मग पाण्याचा हात देत पॉलिश पेपरनं घासलं. भेग गेली. आतला थर जिथं चेपला होता तिथं त्यानं स्पंज कोंबला आणि वरून मखमल चिकटवली, मूर्तींच्या शेल्यांची उरलेली. खड्डाही गेला. मग स्प्रेगननं मोरपंखी रंगाचा हात दिला, गणपतीच्या शालीला देतात तो. कडेला सोनेरी किनार काढली. कपाळावर छोटासा ॐ. त्या रंगाखाली माझा आयएसआयचा शिक्का कायमचा दिसेनासा झाला.

गाव बघायला आलं. "नाथादादा, शोरूमला पन असं मिळायचं नाय," लोक म्हणाले. नाथा वरवर नको नको म्हणे आणि मला प्रत्येकाच्या हातात देई. खाटेवर पाय लांब करून पडलेला हितेशसुद्धा खूश झाला. एवढं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि एवढा एकटाही मी कधी पडलो नव्हतो. कोपरात लोंबकळताना मी निदान जसा होतो तसा दिसत होतो. आता माझ्याच अंगावरच्या रंगात मी कोंडलो होतो. खाली भेग तशीच होती. उन्हात ती तटतटे, गारव्यात आखडे. मला ती कळत होती, बाकी कुणाला कळायचा रस्ताच नाथानं ठेवला नव्हता.

तरी फळीवर मी निर्धास्त होतो. देवघरात कुणाचं डोकं आपटत नाही. उदबत्तीचा धूर खात, फुलं अंगावर घेत मी जन्म काढला असता. पण हितेशचा पाय लवकर सुधारेना. आत हाडाला धातूची पट्टी घातलेली, कुबड्यांशिवाय उभं राहता येईना. तेव्हा कंपनीतल्या ठेकेदारानं पूजाला पॅकिंगमध्ये काम दिलं. आगगाडीची वेळ शिफ्टला जुळत नव्हती. पूजाचं माहेर अष्टमीचं, माहेरच्यांनी तिला लग्नाआधीची तिची स्कूटर आणून दिली. ती गाडी चांगली चालवायची.

निघायच्या आदल्या दिवशी ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, पेणला जाऊन एक हेल्मेट घेऊन येते."

नाथाच्या हातातला ब्रश थांबला. "का गो? घरात हाय की."

"ते देवापाशी असतं ना."

"मंग? देवापाशी असतं म्हनून तर ते घाल," ठमाबाई मध्येच म्हणाली. "एकाला राखलंन, तुला पन राखील. नवं काय, नुस्तं दुकानातलं."

"आनि माझ्या हातचं हाय ते," नाथा म्हणाला. "नव्याला काय सोनं लागलंय?"

पूजानं पेणचा बेत सोडला. सासूची श्रद्धा आणि सासऱ्याची कला, दोन्ही एकाच वस्तूत. दुसऱ्या दिवशी ठमाबाईनं स्वतः मला फळीवरून उतरवलं, कपाळाला लावलं आणि सुनेच्या डोक्यावर ठेवलं. पूजानं पट्टा लावला. ती नेहमी लावायची. हितेशपेक्षा ती शंभर पटीनं शहाणी, आणि तिच्याच वाट्याला मी आलो होतो.

"मऊ बसतंय हो," ती हितेशला म्हणाली. मऊ बसणारच. तिच्या डोक्याच्या डाव्या बाजूला माझ्यात फक्त स्पंज होता. उशीत असतो तसा.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. जो रस्ता मी कोपरातून मजेत पाहिला होता, त्या रस्त्याचा मी आता धसका घेतला. वडखळला ट्रेलर बाजूनं गेला की मी आकसे. भिसे खिंडीत तो दगडी कठडा यायचा, त्याला माझा जुना रंग अजून थोडा लागलेला होता. तिथून जाताना पूजा गाडी हळू करायची आणि मनात काहीतरी पुटपुटायची. बहुधा माझेच आभार मानत असेल. मी तिच्या कानाला लागून होतो, तिच्या श्वासाचा आवाज माझ्यात घुमत होता, आणि एक शब्द तिच्यापर्यंत पोचवता येत नव्हता. काढ मला पोरी, फेक त्या दरीत, असं मी किती वेळा म्हटलं असेन. ती गुणगुणत गाडी चालवत राही.

कंपनीच्या गेटवर तर माझा दराराच झाला. "वहिनी, कुठून घेतलंत हो?" वॉचमन विचारी. एकदा त्यानं मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "आयएसआयचा शिक्का दिसत नाय यावर."

"रंगाखाली गेला," पूजा हसून म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी रंगवलंय."

मला वाटलं, आता हा अडवणार. अडव बाबा, तुझे उपकार होतील. पण त्यानंही बोट फिरवून सोनेरी किनार पाहिली, "कलाकार माणूस" म्हणाला आणि फाटक उघडलं.

आणि एकदा तर माझी शंभरी भरलीच होती. खिंडीत समोरून एसटी आली, तिला ओलांडायला मागून एक जीप बाहेर पडली आणि सरळ आमच्या अंगावर. पूजानं स्कूटर कडेच्या मातीत घातली. चाक हेलकावलं, ती डावीकडे कलली. तो कठडा हातभर अंतरावर. मी जिवाच्या आकांतानं मनात म्हणालो, उजवीकडे पड, काय वाटेल ते कर, पण डावीकडे पडू नकोस. तिनं पाय टेकला आणि सावरली. मग मला काढलं, आणि काय केलं असेल? माझ्या कपाळावरच्या ॐ वर हात ठेवून तो आपल्या छातीला लावला. घरी सांगितलं, हेल्मेटानं राखलं. ठमाबाईनं त्या दिवशी मला हार घातला. मित्रांनो, खोट्या कौतुकाचा हार किती जड असतो ते ज्याच्या गळ्यात पडतो त्यालाच कळतं.

गणपती तोंडावर आले. नाथाच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हितेश आता एका पायावर भार देत कारखान्यात येऊन बसे आणि बापाला मदत म्हणून मुकुटांना सोनेरी रंग लावी. पूजाची त्या आठवड्यात दुपारची शिफ्ट होती. जेवून निघायचं, म्हणून तिनं स्कूटर दारात लावली होती आणि मला कारखान्याच्या दारातल्या खिळ्याला अडकवलं होतं. तिथून मला सगळं दिसत होतं.

अष्टमीचं एक गिऱ्हाईक आपला गणपती न्यायला आलं होतं. सकाळी टेम्पोत चढवताना त्या मूर्तीचा हात फळीला लागून निखळला होता. नाथानं तो लगेच तार घालून बसवला होता, रंगाचा हात दिला होता. गिऱ्हाइकानं डोळे बारीक करून पाहिलं, सांधा सापडला नाही.

"एक करा," नाथा त्याला म्हणाला. "उचलताना या हाताला धरू नका. खाली पाटाला धरा."

"का? कच्चा हाय का?"

"कच्चा नाय. दिसायला पयल्यापेक्षा बेस हाय. पन जोडलेलं ते जोडलेलं. जागेवर बसून राहील, भार नाय घेनार."

गिऱ्हाईक मान हलवून मूर्ती घेऊन गेलं. नाथा पुढच्या कामाला वळला. हितेशचा ब्रश मात्र मुकुटावरच थांबला होता. तो एकदा बापाकडे पाहत होता, एकदा माझ्याकडे.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "आनि पूजाच्या हेल्मेटाला कुठं धरायचं?"

"म्हंजे?"

"ते पन तुमी जोडलंय ना? मंग त्यानं भार घ्यावा की नाय?"

नाथा आधी हसला. मग त्याचा चेहरा बदलला. "तुला काय म्हनायचंय? माझं काम कच्चं हाय?"

"काम कच्चं नाय हो. काम इतकं पक्कं हाय की भेग कुठं होती ते माझं मलाच आता सांगता येत नाय. त्याचीच भीती वाटते."

तेवढ्यात पूजा डबा घेऊन बाहेर आली आणि खिळ्यावरून मला काढायला हात घातला. हितेश कुबडीवर जोर देऊन उठला. "थांब. ते घालू नको."

"का? उशीर होतोय मला."

नाथाचा पारा चढला होता. सगळं गाव ज्या कामाला नावाजतं त्याच्यावर पोटच्या पोरानं बोट ठेवलं होतं. त्यानं पूजाच्या हातातून मला घेतलं, पाटावर ठेवलं आणि साचे मोकळे करायचा लाकडी हातोडा उचलला. "मारून दाखवतो. होऊ दे खात्री."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी मार बसू नये म्हणून पुष्कळ प्रार्थना केल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी मार बसावा म्हणून केली. नाथा, मार, मी म्हणत होतो. बेतानं मारू नकोस.

पण नाथाचाच हात तो. स्वतः रंगवलेल्या वस्तूवर तो कसा उठणार? हातोडा आला, पण शेवटच्या क्षणी कचरला आणि सोनेरी किनारीला जपत टक्कन वाजला. मला काहीसुद्धा झालं नाही. रंगाचा टवकाही उडाला नाही.

"बघितलंस?" नाथा म्हणाला. पूजाचा जीव भांड्यात पडला. तिनं मला उचललं, डोक्यावर घातलं आणि पट्टा लावला. "येते मी," ती म्हणाली.

मी हताश झालो. आता कुणी विचारणार नाही. आता तर मला परीक्षेत पास झाल्याचं सर्टिफिकेटही मिळालं होतं. तिनं चावी काढली.

"बाबा," हितेशचा आवाज चिरकला. "तुमी माझ्या डोक्यावर मारताय असं मारलंत. भिसे खिंड असं हळू नाय मारत. मी तिथं पडलोय. मला विचारा."

ठमाबाई दारात येऊन उभी राहिली. नाथा पूजाजवळ गेला आणि त्यानं आपल्या हातानं तिचा पट्टा सोडवला.

ठमाबाईला काय चाललंय ते कळलं. "अवो, काय करताव? देवाला फोडताव?"

"देव नाय गो," नाथा म्हणाला. "हेल्मेट हाय ते."

"मंग फोडू नका, पान्यात सोडा. खाडीत विसर्जन करा."

"तरंगत जाईल. कुनाला गावलं तर डोक्यात घालील तो." आणि त्यानं मला उंच धरून, डावी बाजू खाली करून, सगळ्या ताकदीनं पाटाच्या कडेवर आपटलं.

मी एका फटक्यात उकललो. कठड्यावर आपटलो होतो तेव्हा मी चिरलो होतो, पण तुटलो नव्हतो. या वेळी लांबी पिठासारखी उडाली, भेग जुन्याच वाटेनं धावली आणि मी दोन भकलं होऊन जमिनीवर पडलो. मखमल फाटून स्पंज बाहेर आला. त्याच्यामागे माझा पांढरा थर होता, पोह्यांसारखा चपटा झालेला. नाथा खाली बसला. त्यानं त्या थरावर अंगठा दाबला, मग माझ्या दुसऱ्या भकलातल्या, उजव्या बाजूच्या जाड थरावर दाबला. पुन्हा डावीकडे. त्याला कुणी समजवायची गरज उरली नव्हती.

पूजा पाहत होती. तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानावर गेला आणि तिथंच राहिला. "मी रोज..." एवढंच ती म्हणाली. ठमाबाईनं तिला जवळ ओढलं आणि तोंडाला पदर लावला. हितेशला रडू आलं, त्यानं ते लपवलं नाही.

"आज खाडा होऊ दे," नाथा खाली मान घालून म्हणाला. "उद्या पेनला जाऊ. शिक्का दिसनारं घेऊ. मी त्याला हात नाय लावनार."

मी जमिनीवर पडून हे ऐकत होतो. इतक्या महिन्यांनी माझी भेग उघड्यावर होती, तिला वारा लागत होता. मला किती सुटल्यासारखं वाटलं ते सांगता येत नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मीही सुखानं कचऱ्यात गेलो असतो. पण माझी भकलं गोळा करता करता हितेशनं विचारलं, "बाबा, असं अजून कुनाचं केलंत?"

नाथा म्हणाला, "दाजीचं."

दाजी हा शेजारच्या हमरापूरचा रिक्षावाला. मला बघून गेल्यावर त्यानंही आपलं मोटरसायकलवरून पडून तडकलेलं हेल्मेट गुपचूप आणून दिलं होतं. नाथानं तेही तसंच बुजवलं होतं, वर शेंदरी रंग आणि रुपेरी वेलबुट्टी. नाथानं माझी दोन्ही भकलं पिशवीत घातली, दाखवायला म्हणून, आणि पायात चपला सरकवून निघाला. पिशवीतून मीही गेलो. दाजी घरीच होता. मला बघून त्याचं तोंड उतरलं.

"ते माझ्याकडं नाय आता," तो म्हणाला. "जिते स्टेशनवर एक माणूस भेटला, त्याला आवडलं. देऊन टाकलं."

"कोन माणूस?"

"काय ठाव? गाडीवरनं चालला होता. नवंच हाय असं वाटलं त्याला."

नाथा जित्याला गेला. स्टेशनबाहेर, चहाच्या टपरीवर, पंक्चरच्या दुकानात माझी भकलं काढून दाखवत त्यानं विचारलं. लोक भकलं हातात घेऊन बघत, चुकचुकत आणि मान हलवत. त्या माणसाचा पत्ता लागला नाही. अजून नाथा पेणच्या बाजाराला गेला की मोटरसायकलवाल्यांच्या तोंडाकडे बघत नाही, डोक्याकडे बघतो.

मित्रांनो, म्हणून मी हे सगळं तुम्हाला सांगितलं. आमच्यापैकी कुणी एकदा तुमच्यासाठी मार खाल्ला असेल, तर त्याला हार घालू नका, रंग देऊ नका, धाकट्या भावाला देऊ नका. आभार मानायचे असतील तर त्याला फोडून टाका, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला फसवणार नाही. आणि नवीन घ्याल ते कोपरात नाही, डोक्यावर घाला आणि पट्टा लावा. मी आता जोह्याच्या कारखान्यात दाराशी दोन तुकड्यांत पडलेला असतो. कुणी तडकलेलं हेल्मेट रंगवायला घेऊन आलं, तर नाथा मला त्याच्या हातात देतो.

तुमच्या घरी, शेजारी, कुठं शेंदरी रंगाचं, रुपेरी वेलबुट्टीचं एखादं हेल्मेट दिसलं, तर त्याच्या आत अंगठा दाबून बघा. ते ओरडत असणार, मला पक्कं ठाऊक आहे. बाहेरून ते फार सुंदर दिसतं.